लुंबिनीच्या कोळशाचे वय

नेपाळमधील लुंबिनी येथे मायादेवी मंदिरात झालेल्या उत्खननाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बुद्धांचा जन्म इ.स.पू. सहाव्या शतकात झाल्याचे सिद्ध झाले, अशा अर्थाचे मथळे झळकले. प्रत्यक्षात सापडले होते ते विटांच्या बांधकामाखाली, लाकडी खांब रोवलेले खड्डे, त्यांच्या आतली मोकळी जागा आणि तिथल्या मातीतल्या झाडाच्या मुळांच्या खुणा. खड्ड्यांतील कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने साधारण इ.स.पू. ८०० ते ५४५ या दरम्यान आले. अडीचशे वर्षांची ही रुंदी प्रयोगशाळेच्या ढिलाईमुळे आलेली नाही. तिचे मूळ सूर्याच्या वागण्यात आहे.

वैश्विक किरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन तयार होतो आणि प्रकाशसंश्लेषणातून तो झाडात शिरतो. लाकडाचे वलय एकदा घट्ट झाले की त्यातला साठा ५७३० वर्षांत निम्मा होतो. मात्र सूर्य शांत असला की त्याचे चुंबकीय कवच दुबळे पडते, अधिक वैश्विक किरण पृथ्वीपर्यंत पोहोचतात आणि कार्बन-१४ वाढतो. इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास असेच झाले आणि पुढे ते प्रमाण हळूहळू उतरत गेले. त्यामुळे इ.स.पू. ७०० मधले लाकूड जास्त साठ्यानिशी निघाले पण जास्त काळ झिजले. ५०० मधले कमी साठ्यानिशी निघाले आणि कमी काळ झिजले. आज मोजावे तर दोहोंत जवळपास सारखाच कार्बन-१४! ज्ञात वयाच्या वृक्षवलयांवरून काढलेल्या कार्बन-१४ च्या आलेखात इ.स.पू. ८०० ते ४०० हा पट्टा म्हणूनच पठारासारखा सपाट दिसतो, आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणासाठी सुचवलेली इ.स.पू. ५४४, ४८३ किंवा ४०० च्या आसपासची वर्षे याच पट्ट्यात येतात.

म्हणून संशोधकांनी मातीतल्या गारगोटीच्या कणांचीही साक्ष काढली. अंधारात पुरलेल्या कणांत किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन अडकत जातात. प्रयोगशाळेत प्रकाश पाडला की ते सुटतात आणि कण किंचित उजळतो. त्या उजेडावरून माती शेवटची कधी उन्हात होती ते कळते, परंतु त्यातही शतकांची चूक राहतेच.

शिवाय वृक्षपूजा बुद्धांहून जुनी आहे. लाकडी खांबांचे ते कुंपण कोणत्या श्रद्धेचे होते, हे कोळसा सांगत नाही. या जागेचे बुद्धांशी नाते सांगतो तो शेजारचा अशोकस्तंभ. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २४९ च्या सुमारास, अशोक इथे आला आणि ‘हिद बुधे जाते सक्यमुनी ति’, म्हणजे येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, असे कोरवून त्याने लुंबिनी गावाचा बली हा कर माफ केला व राजभाग, म्हणजे उत्पन्नातला राजाचा वाटा, आठवा हिस्सा ठरवला.