पोव्र प्येरो

पोव्र प्येरो म्हणजे 'बिचारा प्येरो'. एमिल रेनो (१८४४–१९१८) या फ्रेंच माणसाने एकट्याने हाताने रंगवलेली छोटी फिल्म, पॅरिसच्या ग्रेव्हँ म्युझियममध्ये २८ ऑक्टोबर १८९२ ला पहिल्यांदा लोकांना दाखवली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या फिल्म दाखवणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधल्या तिकीटवाल्या खेळाच्या तीन वर्षं आधी. ती रंगवून कधी झाली यावर एकमत नाही, कुठे १८९१ दिलंय कुठे १८९२, त्यामुळे खेळाची तारीख धरलेली बरी.

खरा वाद वेगळाच आहे, हिला सिनेमा म्हणायचं का. एक बाजू म्हणते की कॅमेरा नाही, फोटो नाही, त्यामुळे ही सिनेमाच्या आधीची पायरी. दुसरी म्हणते की चित्रांची लांब पट्टी, तिला भोकं, रिळं, पडदा, पैसे देऊन आलेले प्रेक्षक, सगळं तर आहे, मग अजून काय पाहिजे? हेच जास्त पटतं, कारण भोकं पाडलेल्या पट्टीचं हे यंत्र रेनोच्या १८८८ च्या पेटंटमध्येच आहे. फिल्ममध्ये ५०० चित्रं आहेत, जिलेटिनच्या चौकोनांवर रंगवून एकाला एक जोडलेली, पट्टी साधारण ३६ मीटर. एक दिवा अंगणाचं स्थिर चित्र टाकायचा, दुसऱ्याने आरशांवरून पात्रं यायची, म्हणून पात्रांच्या भोवती सगळं काळं रंगवलेलं. रेनो पडद्यामागे उभा राहून स्वतः हाताने रीळ फिरवायचा, थांबवायचा, मागेही न्यायचा, अशाने खेळ १५ मिनिटं चालायचा. संगीत गास्तों पोलँचं.

गोष्ट एवढुशी आहे. आर्लेकँ आपल्या प्रेयसीला, कोलोंबीनला, भेटायला अंगणात येतो, तेवढ्यात पांढऱ्या ढगळ कपड्यातला प्येरो येतो म्हणून तो लपतो, आणि प्येरो गायला लागला की काठीने त्याला घाबरवतो. या काठीच्या फटक्याचा आवाजसुद्धा पट्टीवरच्या धातूच्या पत्रीने विजेचा संपर्क होऊन बरोब्बर वेळेवर यायचा! पण मन अडकतं ते प्येरोपाशी, तो घाबरून थबकतो, इकडेतिकडे बघतो, तिथे कुणीच नाही, आणि प्रत्येक चित्र हाताचं असल्याने कडा किंचित थरथरतात, जणू तो श्वास घेतोय. इतकी हळुवार गोष्ट यंत्राने हलणाऱ्या चित्रांत क्वचितच दिसते.

१९०० पर्यंत खेळ चालले, सुमारे ५ लाख लोकांनी पाहिले. पुढे हताश होऊन रेनोने यंत्र फोडलं आणि बहुतेक पट्ट्या सेन नदीत टाकल्या. 'पोव्र प्येरो' आणि त्याचीच दुसरी फिल्म 'ओतूर द्यून काबीन' एवढ्या दोनच उरल्या.