दोन मिलिलिटरचा नियम आणि बंदीतला बाजार

सांगली-मिरजेत ई-सिगारेटचं दुकान टाकता येत नाही. २०१९च्या केंद्रीय कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद केलं. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण बंदीने वस्तू नाहीशी होतेच असं नाही, हे राज्यात २०१२पासून गुटखाबंदी असताना कर्नाटक सीमेलगतच्या या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. चोरून येणाऱ्या यंत्रात काय भरलंय, हे मात्र कुणीच तपासत नाही.

रचना साधी आहे: लिथियम बॅटरी, तारेचं वेटोळं, त्याला टेकलेली कापसाची वात, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं निकोटीन. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाचं धुकं होतं. वात कोरडी पडली की तार प्रमाणाबाहेर तापते, द्रवाचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात. घशाला झोंबणारी ती करपट चव धोक्याची खूण आहे.

२०१५मध्ये आलेल्या ज्यूल या अमेरिकी ई-सिगारेटने निकोटीनला बेंझोइक आम्लाची जोड दिली. आम्लामुळे घशाची जळजळ कमी झाली आणि ५ टक्के निकोटीनही कोवळ्या मुलांना सहज ओढता येऊ लागलं. व्यसनाची गोम इथेच आहे.

युरोपीय संघाने यावर थेट मापच लावलं: मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन, टाकी २ मिलिलिटरची. म्हणजे एका टाकीत जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचं १० मिलिलिटर द्रव असलेल्या यंत्रात ५०० मिलिग्रॅम असतं, साडेबारा पट. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते साधारण १ ते दीड मिलिग्रॅम.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. प्रत्येक उत्पादनासाठी धुक्यातली रसायनं, विषारीपणा, तरुणांवरचा परिणाम यांची कागदपत्रं ९ सप्टेंबर २०२०पर्यंत मागितली. घरगुती मिश्रणं विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना हा खर्च पेलणारा नव्हता. ऑक्टोबर २०२१मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या गटातल्या व्ह्यूज सोलो या ई-सिगारेटला. मार्लबोरोवाल्या अल्ट्रियाने २०१८मध्ये ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला, २०२३मध्ये तो सोडून दिला आणि एनजॉय ही ई-सिगारेट कंपनीच विकत घेतली. कडक नियमांचा भार बड्या तंबाखू कंपन्यांना सोसतो, म्हणून मंजूर बाजार त्यांच्याकडे सरकतो.

पळवाटाही तितक्याच वेगाने सापडतात. २०२०मध्ये अमेरिकेने द्रव भरलेल्या, बदलता येणाऱ्या स्वादाच्या नळ्यांवर कारवाई केली, पण एकदाच वापरून टाकायची यंत्रं वगळली; मुलं तिकडे वळली. कंपन्यांनी मग तंबाखूऐवजी प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटीन वापरून कायद्याला बगल दिली. ती फट बुजायला मार्च २०२२ उजाडलं.

आपल्याकडे बंदी आहे, पण सिगारेट आणि तंबाखू टपरीवर खुलेआम मिळते. मुलांचं रक्षण करायचं तर ही विसंगती मला खटकते. बंदीच्या जोडीला जप्त मालाची प्रयोगशाळेत तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल हवा.

घरात पेनड्राइव्हसारखी, गोड वासाची वस्तू सापडली तर ती फोडू नका. द्रव हाताला लागलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. लहान मुलाने गिळलं तर उलटी करवू नका, यंत्र किंवा बाटली सोबत घेऊन थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा. बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली तर पेट घेऊ शकते.