ग्रँड बेल, ब्लू ड्रॅगन, बेकसांग : कोरियन अभिनयसन्मानांची पार्श्वभूमी

२० नोव्हेंबर २०१५ रोजी सोलमधील केबीएस सभागृहात ‘ग्रँड बेल’ चित्रपट पुरस्कारांचा ५२ वा सोहळा झाला, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री या दोन्ही गटांत नामांकन मिळालेल्या नऊ कलाकारांपैकी एकही जण सभागृहात नव्हता. ह्वांग जंग-मिन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, जून जी-ह्यून सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली आणि दोघांची मानचिन्हे दुसऱ्यांच्याच हाती सोपवावी लागली. इतर पुरस्कारांचे बरेच विजेतेही आले नव्हते, त्यामुळे सूत्रसंचालन करणाऱ्या अभिनेत्यालाच पुन्हा पुन्हा पुढे होऊन अनुपस्थित विजेत्यांच्या वतीने पुरस्कार स्वीकारावे लागले. त्याआधीच्या महिन्यात आयोजकांनी जाहीर केले होते की, जो कलाकार समारंभाला येणार नाही त्याला पुरस्कार दिला जाणार नाही, तो दुसऱ्या कोणाला तरी दिला जाईल. पुरस्कार कामाला द्यायचा की हजेरीला, असा प्रश्न त्यावरून उभा राहिला आणि त्याचे उत्तर रिकाम्या खुर्च्यांनी दिले.

अवघ्या सहा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, ‘ब्लू ड्रॅगन’ पुरस्कारांचा सोहळा झाला. तिथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून ली जंग-ह्यूनचे नाव पुकारले गेले. ज्या छोट्या स्वतंत्र चित्रपटासाठी तिची निवड झाली, त्यात तिने मानधन न घेता काम केले होते. एकाच शहरात, एकाच आठवड्यात झालेल्या या दोन सोहळ्यांना मिळालेला प्रतिसाद इतका वेगळा का होता, हे समजून घ्यायचे असेल तर साठ वर्षे मागे जावे लागते. कारण कोरियात अभिनेत्याचा सन्मान करण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर दर काही दशकांनी बदलत आले आहे.

दक्षिण कोरियातील चित्रपट पुरस्कारांची सुरुवात राजधानीत झाली नाही. ‘बुसान इल्बो’ या बुसानच्या दैनिकाने १९५८ मध्ये ‘बुइल’ चित्रपट पुरस्कार सुरू केले. युद्धाची धग विझून पाच वर्षे होत होती आणि चित्रपटगृहे भरू लागली होती. मे १९६१ मध्ये पार्क चुंग-ही यांच्या लष्करी गटाने सत्ता हाती घेतली आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, १९६२ मध्ये, चित्रपट कायदा आला व शासनाच्या माहिती मंत्रालयाने ‘देजोंग’ म्हणजे ‘थोर घंटा’ या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. हेच आजचे ग्रँड बेल. पहिल्या वर्षी दिग्दर्शक शिन सांग-ओक यांच्या चित्रपटांचा वरचष्मा राहिला. त्यांच्या ऐतिहासिक चित्रपटात जुलमी राजाची भूमिका करणारे शिन यंग-ग्युन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, तर शिन सांग-ओक यांच्या पत्नी चे उन-ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. याच दोघांना पुढे १९७८ मध्ये उत्तर कोरियाने पळवून नेले आणि १९८६ मध्ये व्हिएन्नात त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. त्या काळात कोरियन चित्रपट आणि राजकारण एकमेकांत किती गुंतलेले होते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

शासकीय पुरस्काराला तेव्हा मानाखेरीज रोकडे मोलही होते, आणि पुढच्या अनेक कटकटींचे मूळ तिथेच आहे. परदेशी चित्रपट आयात करण्यावर शासनाचे कडक नियंत्रण होते. आयातीचे परवाने मोजके आणि एका हॉलिवूडपटापासून मिळणारे उत्पन्न मोठे, अशी स्थिती होती. ज्या निर्मिती संस्थेच्या चित्रपटाला पुरस्कार मिळे, तिला परदेशी चित्रपट आणण्याचा परवानाही मिळे. शिवाय ग्रँड बेलमध्ये साम्यवादविरोधी चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार ठेवला गेला होता. त्यामुळे काही निर्मात्यांनी प्रेक्षकांकडे पाहून नव्हे, तर परीक्षकांकडे आणि परवान्याकडे पाहून चित्रपट काढले. अभिनेत्यांची कामे यात खोटी नव्हती, उलट त्या दशकातील काही भूमिका आजही पाहताना अंगावर येतात. परंतु त्या कामांवर उमटणारी मोहोर मात्र शासनाची होती.

शासनाबाहेरची मोहोर वृत्तपत्रांनी तयार केली. ‘चोसन इल्बो’ या दैनिकाने १९६३ मध्ये ब्लू ड्रॅगन पुरस्कार सुरू केले. ‘हांकूक इल्बो’चे संस्थापक चांग गी-यंग यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये नाटक आणि चित्रपट अशा दोन्ही कलांसाठी पुरस्कार सुरू झाले. त्यांचे ‘बेकसांग’ हे टोपणनाव पुढे या पुरस्कारांना देण्यात आले आणि ते आजतागायत कायम आहे. रंगभूमी आणि पडदा यांना एकाच व्यासपीठावर बसवण्याची ही कल्पना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण नट जिथे काम करतो ती जागा बदलली तरी नट तोच राहतो, ही समज तिच्यात आहे. याच समजुतीमुळे बेकसांगला पुढे दूरचित्रवाणीसाठी दार उघडणे सोपे गेले.

ती वेळ लवकरच आली. १९६९ मध्ये दक्षिण कोरियात चित्रपटांची १७ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती. त्यानंतर मात्र प्रेक्षकसंख्या झपाट्याने उतरत गेली. केबीएस या प्रसारण संस्थेची दूरचित्रवाणी १९६१ पासून आणि एमबीसी या दुसऱ्या संस्थेची १९६९ पासून सुरू होती, घराघरांत संच येत होते, आणि सत्तरच्या दशकातील जाचक सेन्सॉरशिपमुळे चित्रपटांचे विषयही आक्रसत चालले होते. १९७३ मध्ये ब्लू ड्रॅगन आणि बुइल हे दोन्ही पुरस्कार बंद पडले. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, बेकसांगमध्ये दूरचित्रवाणीचा विभाग सुरू झाला. त्या दोन वर्षांच्या सांध्यावर कोरियन अभिनयाचे केंद्र चित्रपटगृहातून दिवाणखान्याकडे सरकले, असे म्हणता येते.

यून यो-जंग यांची वाटचाल याच सांध्यावरून जाते. दिग्दर्शक किम की-यंग यांच्या चित्रपटातून त्यांनी मोठ्या पडद्यावर पदार्पण केले आणि त्याच भूमिकेसाठी १९७१ मध्ये त्यांना ब्लू ड्रॅगनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर विवाह करून त्या अमेरिकेत गेल्या, ऐंशीच्या दशकात परतल्या, आणि घटस्फोटानंतर दोन मुलांना वाढवण्यासाठी दूरचित्रवाणीवर मिळेल ती लहान-मोठी भूमिका करत राहिल्या. एप्रिल २०२१ मध्ये ‘मिनारी’साठी सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर स्वीकारताना त्यांनी आपला पहिला दिग्दर्शक म्हणून किम की-यंग यांची आठवण काढली. पन्नास वर्षांपूर्वीचा तो ब्लू ड्रॅगन आणि हे ऑस्कर यांच्या मध्ये जे पसरले आहे ते बहुतांशी दूरचित्रवाणीच्या मालिकांचे काम आहे.

परदेशातील सन्मानांची वाट त्याआधी कांग सू-यॉन यांनी उघडली होती. इम क्वॉन-तेक यांच्या चित्रपटात वंशासाठी गर्भ वाहणाऱ्या मुलीची भूमिका करून त्यांनी १९८७ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. त्यानंतर २००७ मध्ये जॉन दो-यॉन आणि २०२२ मध्ये सोंग कांग-हो यांना कान महोत्सवात अभिनयाचे पुरस्कार मिळाले, तर सप्टेंबर २०२२ मध्ये ‘स्क्विड गेम’साठी ली जंग-जे यांना एमी हा अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते घरच्या पुरस्कारांविषयी, कारण हे सगळे कलाकार घडले आणि जोखले गेले ते घरच्या मांडवात.

ब्लू ड्रॅगन १९९० मध्ये ‘स्पोर्ट्स चोसन’च्या आश्रयाने पुन्हा सुरू झाले. १९९३ मध्ये किम हे-सू या तरुण अभिनेत्रीने तिथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला आणि त्याच वर्षापासून सूत्रसंचालनही हाती घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी निरोप घेतला तोवर ३० सोहळे त्यांनी सांभाळले होते. त्यांचा मोठेपणा असा की नावे पुकारून त्या बाजूला होत नसत. समोर बसलेल्या कलाकारांचे चित्रपट त्यांनी मनापासून पाहिलेले असत आणि ते त्यांच्या बोलण्यातून कळे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘हान गोंग-जू’ या अल्प खर्चाच्या चित्रपटासाठी चॉन वू-ही हिचे नाव पुकारले गेले, तेव्हा मोठ्या चित्रपटांच्या नायिकांमध्ये बसलेली ती तरुणी क्षणभर विश्वासच ठेवू शकली नाही. मंचावर येऊन ती रडतच बोलली. इतक्या लहान चित्रपटातल्या, फारशी नावाजलेली नसलेल्या आपल्यासारखीला एवढा मोठा पुरस्कार मिळतो आहे, असे तिने म्हटले. शेजारी उभ्या किम हे-सू यांचे डोळेही भरून आले होते. पुरस्कारावरचा लोकांचा विश्वास अशा रात्रींतून साठत जातो.

ग्रँड बेलकडचा विश्वास मात्र ओसरत होता. शासनाची पकड सैल होऊन आयोजन चित्रपटकर्मींच्या संघटनेकडे आले, तरी निवडीविषयीचा संशय गेला नाही. १९९६ मध्ये, मेक्सिकोतल्या कोरियन मजुरांवरील ‘एनिकेंग’ हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, प्रेक्षकांनी तो पाहिलेला नसताना, सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि मोठे वादळ उठले. विलक्षण योगायोग असा की, त्याच वर्षी कोरियाच्या घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली आणि बुसानचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही सुरू झाला. जुनी व्यवस्था मोडत होती, नवी उभी राहत होती, आणि देशातला सर्वांत मानाचा म्हणवला जाणारा पुरस्कार जुन्याच सवयींत अडकला होता. २०१२ मध्ये ग्रँड बेलने एकाच चित्रपटाला १५ पुरस्कार दिले, तेव्हाही टीकेचा भडिमार झाला. सुरुवातीला वर्णन केलेली २०१५ ची संध्याकाळ हे या साचत आलेल्या नाराजीचे फळ होते.

दूरचित्रवाणीची स्वतःची वेगळी परंपरा आहे. केबीएस, एमबीसी आणि १९९१ मध्ये सुरू झालेली एसबीएस या तिन्ही वाहिन्या वर्षाच्या अखेरच्या दिवसांत आपापले नाट्यमालिका पुरस्कार देतात, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून ‘देसांग’ म्हणजे महापुरस्कार कोणाला मिळतो हे पाहणे ही तिथली रीतच होऊन गेली आहे. मर्यादा अशी की वाहिनी केवळ आपल्याच मालिकांचा सन्मान करते, आणि कोणीही नाराज होऊ नये म्हणून एकच पुरस्कार दोघा-तिघांत वाटण्याचा मोह तिला आवरत नाही. २००८ मध्ये एमबीसीने महापुरस्कार किम म्यंग-मिन आणि सोंग सुंग-हॉन यांना विभागून दिला. त्या वर्षी तऱ्हेवाईक वाद्यवृंद संचालकाची भूमिका करणाऱ्या किम यांचे काम लोकांच्या मनात इतके ठसले होते की या विभागणीवर प्रेक्षक उघडपणे संतापले. २०१४ मध्ये एमबीसीने महापुरस्काराची निवड थेट प्रेक्षकांच्या मतांवर सोपवली आणि खलनायिकेची भूमिका करणारी ली यू-री जिंकली. वाहिनीच्या हिशेबात नायिका आधी येते, प्रेक्षकांच्या हिशेबात काम आधी आले.

केबल वाहिन्या आणि पुढे ऑनलाइन मंच यांच्या मालिका घरोघरी पाहिल्या जाऊ लागल्यावर वाहिन्यांच्या या पुरस्कारांची कक्षा फारच तोकडी पडली. सर्व वाहिन्यांची, केबलची, ऑनलाइन मालिकांची आणि चित्रपटांची कामे एकाच मांडवाखाली तोलणारे बेकसांग त्यामुळे केंद्रस्थानी आले. बेकसांगचा महापुरस्कार नटाला, दिग्दर्शकाला किंवा संपूर्ण कलाकृतीलाही देता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. नव्या शतकाच्या आरंभी वगळलेला नाट्यविभागही २०१९ मध्ये परत आला. ऑनलाइन मालिकांसाठी ब्लू ड्रॅगननेही २०२२ पासून वेगळे पुरस्कार सुरू केले आहेत.

बेकसांगच्या दोन संध्याकाळी विशेष लक्षात राहतात. मे २०१७ मध्ये सोहळ्याच्या मध्यात ३३ दुय्यम आणि किरकोळ भूमिका करणारे कलाकार मंचावर आले आणि त्यांनी स्वप्न पाहण्याविषयीचे एक गाणे गायले. एखाद्या दृश्यात पोलीस, शेजारीण किंवा दुकानदार म्हणून झळकून जाणारे ते चेहरे होते. पहिल्या रांगांत बसलेले नामवंत तारे डोळे पुसत होते, कारण त्यांतील बहुतेकांची सुरुवात त्याच ठिकाणाहून झाली होती. दुसरी संध्याकाळ १ मे २०१९ ची. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेच्या भूमिकेसाठी ७७ वर्षांच्या किम हे-जा यांना महापुरस्कार मिळाला. ग्रामीण जीवनावरील ‘जनवन इल्गी’ या १९८० पासून २००२ पर्यंत चाललेल्या मालिकेमुळे त्या साऱ्या देशाच्या आई झाल्या होत्या. बोलताना शब्द विसरू नयेत म्हणून त्यांनी संहितेचे पान फाडून सोबत आणले होते, आणि आभारांच्या यादीऐवजी त्यांनी मालिकेच्या अखेरचे निवेदन म्हणायला सुरुवात केली. सभागृह स्तब्ध झाले. पुरस्कार स्वीकारणे हासुद्धा अभिनयाचाच भाग होऊ शकतो, हे त्या रात्री दिसले.

मान नटाच्या एकट्याचा नाही, ही जाणीव कोरियन पुरस्कार सोहळ्यांत जुनी आहे. २०१५ च्या ग्रँड बेलला गैरहजर असलेले तेच ह्वांग जंग-मिन २००५ मध्ये ब्लू ड्रॅगनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार घेताना म्हणाले होते की साठेक माणसांचा चमू सुरेख जेवण रांधून, वाढून ठेवतो आणि आपल्याला फक्त बसून चवीने जेवायचे असते. तरीही कौतुक आपल्या वाट्याला येते याचा संकोच वाटतो. ‘वाढलेल्या ताटाचे भाषण’ म्हणून ते आजही कोरियात ओळखले जाते. त्यानंतर वीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, बेकसांगचा चित्रपटांतील महापुरस्कार ‘हार्बिन’ या चित्रपटासाठी कॅमेरा हाताळणाऱ्या होंग क्यंग-प्यो यांना मिळाला, ज्यांनी त्याआधी ‘पॅरासाइट’चे छायांकन केले होते.