बाराकोनी पौंड

ब्रिटनमध्ये २८ मार्च २०१७ रोजी चलनात आलेले एक पौंड किमतीचे, बारा बाजूंचे द्विधातू नाणे. १९८३ पासून चालत आलेल्या गोल पौंडाची खोटी नाणी फार झाल्यामुळे त्याच्या जागी ते काढण्यात आले. वेल्समधील लँट्रिसंट येथील ‘रॉयल मिंट’ या टांकसाळीत ते पाडले जाते.

गोल पौंड : एक पौंडाच्या नोटेला पर्याय म्हणून हे नाणे २१ एप्रिल १९८३ रोजी आले, बँक ऑफ इंग्लंडची नोट १९८८ मध्ये बंद झाली. ते निकेल-पितळेचे, एकाच धातूचे, ९.५ ग्रॅम वजनाचे व ३.१५ मिमी. जाड होते. त्याची मागची बाजू सहसा दरवर्षी बदले आणि कडेवरील वचनही त्या बाजूला अनुसरून बदले. इंग्लंडच्या व समाईक राजचिन्हांच्या नाण्यांवर लॅटिन ‘डेकुस एत तूतामेन’ (शोभा व संरक्षण), स्कॉटलंडच्या नाण्यांवर तेथील लॅटिन ब्रीद व वेल्सच्या नाण्यांवर वेल्श भाषेतील ओळ असे. ही विविधता प्रांतांचा मान राखण्यासाठी होती. फायदा मात्र खोटी नाणी पाडणाऱ्यांचा झाला. कोणत्या चित्राला कोणती कड, हे गिऱ्हाइकाच्या किंवा दुकानदाराच्या ध्यानात राहणे शक्यच नव्हते. १९८४ च्या नाण्यावर स्कॉटलंडचे काटेरी फूल आहे, तेव्हा कडेवर स्कॉटिश ब्रीदच हवे. काटेरी फूल आणि कडेवर ‘डेकुस’ अशी जोडी दिसली की नाणे खोटे. अशी नाणी वर्षानुवर्षे बिनबोभाट फिरत होती. दोन्ही बाजूंची चित्रे एकमेकांशी तिरपी असणे, कडेची अक्षरे पुसट किंवा कमीजास्त खोल असणे याही खुणा होत्या. नाणे वाजवून घेण्याची जुनी रीत येथे फारशी उपयोगी नव्हती, कारण पुष्कळ खोटी नाणीही पितळेसारख्या मिश्रधातूचीच असत.

टांकसाळीच्या पाहणीनुसार खोट्या नाण्यांचे प्रमाण २०१४ च्या सुमारास ३ टक्क्यांवर गेले होते; मे २०१६ मध्ये ते २.५५ टक्के, म्हणजे साधारण चाळिसांत एक, असे आढळले. हे आकडे नमुन्यावरून बांधलेले अंदाज आहेत. त्यांतील चढउतारावरून फार निष्कर्ष न काढता ‘शंभरांत दोन-तीन’ एवढेच धरणे बरे.

कडेचा इतिहास : हातोड्याने ठोकून पाडलेल्या चांदीच्या नाण्यांची कड ओबडधोबड असे. तिच्यातून चांदीचा बारीक काप कातरून घेतला तरी चटकन कळत नसे. या कातरणीला आळा म्हणून कडेवर अक्षरे किंवा कंगोरे उमटवण्याची युक्ती निघाली. तिचा उगम वादग्रस्त आहे. इंग्लंडमध्ये तिचे श्रेय पीटर ब्लाँडो या फ्रेंच कारागिराला दिले जाते. तो १६४९ मध्ये लंडनला आला. टांकसाळीतील ठोकणाऱ्या कारागिरांच्या संघाने त्याला कसून विरोध केला आणि १६५१ मध्ये त्याचा टांकसाळीतीलच डेव्हिड रॅमेज याच्याशी सामना लावला गेला. अक्षरांकित कडेचे नमुने दोघांनीही सादर केले. ब्लाँडोने आपली पद्धत शेवटपर्यंत गुप्त ठेवल्याने त्याचे यंत्र नेमके कसे होते, याविषयी तर्कच करावा लागतो. मात्र पॅरिसच्या टांकसाळीत ओबँ ऑलिव्हिए याने सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नाण्याभोवती बसणारे, तुकड्यांत उघडणारे कडे वापरून कडेवर अक्षरे आणली होती. ते लक्षात घेता ब्लाँडोने मूळ शोध लावण्यापेक्षा फ्रान्समधील माहीतगारी सोबत आणून ती सुधारली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. राजेशाही खंडित असताना इंग्लंडचा सत्ताधीश असलेल्या क्रॉमवेलच्या १६५८ च्या क्राउन नाण्याच्या कडेवर ‘माझ्याकडून ही अक्षरे कोणी हिरावू नयेत, नाहीतर तो मरेल’ अशा अर्थाची लॅटिन धमकीच होती.

‘डेकुस एत तूतामेन’ हे वचन दुसऱ्या चार्ल्सच्या १६६२ पासूनच्या यंत्रनिर्मित नाण्यांवर आले. शब्द रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्यातील, पाचव्या सर्गात बक्षीस दिलेल्या चिलखताच्या वर्णनातील आहेत. ते सुचवल्याचे श्रेय इंग्रज लेखक जॉन ईव्हलिन याने १६९७ च्या आपल्या नाणकविषयक ग्रंथात स्वतःकडे घेतले आहे. फ्रेंच कार्डिनल रिशल्यूच्या ग्रीक नव्या कराराच्या (बायबलच्या उत्तरार्धाच्या) प्रतीतील एका चित्रपट्टीवरून आपल्याला ते आठवले, असे तो सांगतो. साक्षीदार तोच आणि दावेदारही तोच, म्हणून ही हकीकत जपूनच घ्यावी. कातरणीचा रोग यामुळे लगेच गेला नाही, कारण हातठोकीची जुनी नाणी चालूच राहिली. ती मागे घेऊन नवी पाडण्याचे काम १६९६ मध्ये हाती घेतले गेले. न्यूटन त्याच वर्षी टांकसाळीत वॉर्डन (देखरेख करणारा अधिकारी) म्हणून रुजू झाला.

१९८३ च्या पौंडावर हेच वचन पुन्हा आले, तेव्हा त्याचा अर्थ पालटला होता. पितळेची कड कातरून कोणाच्या हाती काही लागणार नव्हते. चोरी कडेवरून उठून साऱ्या नाण्यावर आली होती आणि अक्षरे आता नुकसान रोखण्यासाठी नव्हे, तर खरेपणा ताडून पाहण्यासाठी उरली.

रचना : नव्या नाण्याची घोषणा अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी मार्च २०१४ मध्ये केली. मागच्या बाजूसाठी खुली स्पर्धा घेण्यात आली. तीत वॉल्सॉल येथील १५ वर्षांच्या विद्यार्थ्याचे रेखाटन निवडले गेले. एकाच देठातून निघालेले गुलाब (इंग्लंड), लीक ही कांद्याच्या जातीची भाजी (वेल्स), काटेरी फूल (स्कॉटलंड) व तीन पानांचा शॅमरॉक (उत्तर आयर्लंड) आणि त्यांभोवती मुकुट, असे ते चित्र आहे. दर्शनी बाजूस जोडी क्लार्क यांनी केलेली राणी दुसऱ्या एलिझाबेथची प्रतिमा होती. नाणे ८.७५ ग्रॅम वजनाचे, २.८ मिमी. जाड आणि कोनापासून कोनापर्यंत २३.४३ मिमी. आहे. बाहेरचे कडे निकेल-पितळेचे, आतली चकती निकेलचा मुलामा दिलेल्या मिश्रधातूची.

बारा बाजू का, याचे अधिकृत उत्तर १९३७ ते १९७१ या काळातील बाराकोनी तीन पेन्सच्या नाण्याकडे बोट दाखवते. ही आठवण खरी असली तरी कारण म्हणून ती अपुरी वाटते. बोटांनी चटकन ओळखू येणे आणि दोन धातूंचे बहुकोनी नाणे घडवायला अवघड असणे ही कारणे अधिक वजनाची. एक अडचण मात्र पत्करावी लागली. ब्रिटनच्या २० व ५० पेन्सच्या सातबाजूंच्या नाण्यांची रुंदी कोणत्याही दिशेने मोजली तरी सारखी भरते. बाराकोनीची तशी भरत नाही, म्हणून नाणी घेणाऱ्या यंत्रांच्या खाचा नव्याने जुळवाव्या लागल्या.

खुणा तीन पातळ्यांवर आहेत. हाताला व डोळ्याला कळणाऱ्या : एकाआड एक बाजूंवर कंगोरे, आणि नाणे तिरपे केले की पौंडाच्या चिन्हाचा ‘१’ होणारी छुपी आकृती. भिंगाखाली दिसणाऱ्या : दोन्ही बाजूंवरील सूक्ष्माक्षरे. तिसरी खूण केवळ यंत्रालाच उमगते आणि टांकसाळीने ती जाहीर केलेली नाही. पारख सराफाच्या हातातून यंत्राकडे गेली, ती येथे.

बदल : विक्रीयंत्रे, लॉकर, सुपरमार्केटातील ढकलगाड्यांची कुलुपे यांसाठी चाचणीची नाणी उद्योगांना आधीच देण्यात आली होती. सुमारे १५० कोटी नवी नाणी पाडली गेली. परत आलेल्या गोल पौंडांपैकी काही वितळवून त्यांत वापरले गेले. गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७ रोजी चलनबाह्य झाला, तरी तेथील बँकांत खात्यावर भरता येत राहिला. विलायतेहून परतलेल्यांच्या घरी डबीत पडून राहिलेल्या गोल पौंडांना याचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडे परकीय चलन बदलून देणारे सहसा नाणी घेत नाहीत.

‘जगातील सर्वांत सुरक्षित नाणे’ असे वर्णन टांकसाळीनेच केले. पण चलनात येताच चुकीची नाणीही निघाली. काहींवर दर्शनी बाजूस २०१६ आणि मागच्या सूक्ष्माक्षरांत २०१७ असे. संग्राहकांनी त्यांवर उड्या घातल्या. तिसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत २०२३ मध्ये मागच्या बाजूला मधमाश्या आल्या. आकार तोच राहिला.

भारताशी तुलना : कडेच्या मधोमध खाच व तीत नक्षी असलेले जाड पाच रुपयांचे तांबे-निकेलचे नाणे १९९२ पासूनचे. दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याची गत उलटी झाली : खरी नाणी खोटी समजून नाकारली जाऊ लागली, आणि सर्व १४ प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावे लागले. मार्च २०१९ मध्ये अधिसूचित झालेले वीस रुपयांचे नाणेही बाराकोनी व द्विधातू आहे. त्याची कड मात्र साधी, बिनकंगोऱ्यांची आहे.