चाकूची मूठ : बोल्स्टर आणि फळ्यांची जोडणी

ज्या चाकूत पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड जाते, त्याच्या शेपटीवर (पात्याच्या मुठीत राहणाऱ्या भागावर) दोन्ही बाजूंनी आधी धातूचे बोल्स्टर, म्हणजे पात्यालगतचे जाड तुकडे, आणि त्यांना भिडून लाकडाच्या फळ्या बसवून मूठ तयार करतात. मर्दानी खेळामुळे कोल्हापुराला परिचित असलेल्या तलवारीची घडण निराळी आहे. तिची निमुळती शेपटी धातूच्या पोकळ मुठीत लाख किंवा राळ भरून पक्की करतात, त्यामुळे आतली उणीव भरणीखाली झाकली जाते. फळ्यांच्या मुठीत मात्र प्रत्येक सांधा उघडा राहतो.

सांध्याची सफाई गोंद लावण्याआधीच ठरते. शेपटीची भोके पात्याला पाणी देण्यापूर्वी पाडावी लागतात, कारण कडक झालेल्या पोलादावर साधे ड्रिल चालत नाही. शेपटी, बोल्स्टर आणि फळी यांच्या एकमेकांना टेकणाऱ्या बाजू काचेवर किंवा सरफेस प्लेटवर (अचूक सपाट केलेल्या पाटावर) ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करतात. कोल्हापूरच्या शिरोली किंवा उद्यमनगर या औद्योगिक भागांतल्या यंत्रकामगाराच्या हाताला ही सवय असतेच, आणि चाकूच्या कामात ती निम्मे यश मिळवून देते. दोन्ही बोल्स्टर एकत्र खिळून त्यांची पात्याकडची कड एकदमच घडवतात व तिला अखेरचे पॉलिशही तेव्हाच देतात. एकदा बसवल्यावर पात्यावर ओरखडे न पाडता त्या कडेपर्यंत कानस पोहोचत नाही. नवशिक्यांच्या कामात सर्वाधिक दिसणारा दोष या एका पायरीच्या विस्मरणातून येतो.

बोल्स्टरच्या भोकांची बाहेरची तोंडे रीमरने (भोक रुंद करणाऱ्या हत्याराने) किंचित पसरट करतात. त्यांत त्याच मिश्रधातूचा, दोन्हीकडे थोडा बाहेर राहील असा खिळा घालून हलक्या हातोडीने फुगवत नेला, की धातू भोकात गच्च भरतो आणि घासल्यानंतर खिळ्याचा मागमूस उरत नाही. पितळी बोल्स्टरला दुसऱ्या जातीच्या पितळेचा खिळा वापरल्यास रंगातला फरक पॉलिशनंतर वर्तुळासारखा उमटतो.

फळीचे टोक बोल्स्टरला टेकवून सांधा उजेडासमोर धरतात. प्रकाशाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत थोडे थोडे घासत राहण्याला पर्याय नाही, आणि राहिलेली फट इपॉक्सीने (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने) भरणे ही केवळ तडजोड होय. काही कारागीर बोल्स्टरची मागची कड आतून तिरपी कापून लाकूड तिच्याखाली दडपतात, त्यामुळे फळीचे टोक उचलत नाही. शिसवासारखे तेलकट लाकूड चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसणे अत्यावश्यक असते. क्लॅम्प फार आवळल्यास इपॉक्सी बाहेर निघून जाते व सांधा उपाशी राहतो. फळीतले खिळे बोल्स्टरप्रमाणे जोराने ठोकल्यास लाकूड चिरते, म्हणून तिथे मुख्य भिस्त इपॉक्सीवर ठेवून खिळे फक्त आडव्या ताणासाठी असतात. पुढे यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्यावर घासताना मूठ उघड्या हातानेच धरावी. हाताला चटका बसण्याइतका धातू तापू दिला तर त्याखालचे इपॉक्सी मऊ पडते.

कोल्हापूरच्या हवेत लाकडाच्या ओलाव्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रेषांच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे बोल्स्टरजवळचा सांधा सहसा टिकतो; आडव्या दिशेने मात्र ते हलते. जून ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत ओलसर फळी बसवून शेपटीच्या बरोबरीने घासली, तर उन्हाळ्यात लाकूड आत जाते आणि पोलादाची कड बोटाला लागू लागते. यासाठी फळ्या कापून महिनोन् महिने कोरड्या जागी वाळू देतात, किंवा पोकळ्यांत राळ भरून स्थिर केलेले लाकूड घेतात.