पार्श्वभूमी : ‘मरावंसं वाटतंय का?’ हे विचारायला आपण कधी शिकलो

बाहेरगावच्या लग्नात ‘कुठले तुम्ही?’ला ‘ठाण्याचे’ असं उत्तर दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. ठाणेकर ते लहानपणापासून ओळखतात. त्या हसण्यामागे आहे १९०१ सालापासूनचं इथलं मनोरुग्णालय. नागपूर-रत्नागिरीतही अशी रुग्णालयं आहेत, पण बोलण्यात मुरली ती ‘ठाण्याला पाठवा’ आणि ‘येरवड्याला पाठवा’ ही दोनच वाक्यं.

मला त्या विनोदाचा राग येतो, कारण त्यानं माणसांना गप्प केलं. नौपाड्यातल्या चाळीत एखादी बाई ‘मला जगणं नको झालंय’ म्हणाली, तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आधी त्या रुग्णालयाची भिंत यायची. मुलीचं लग्न जमायचंय, धाकट्याला नोकरी लागायचीय, घरात ‘तसलं’ काही आहे हे बाहेर कळता कामा नये. मग देवाचं बघायचं, माहेरी पाठवायचं, विषय बंद.

दुसरी भीती पोलिसांची. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्याला एक वर्षापर्यंत साधी कैद. मरणाच्या दारातून परतलेला माणूस शुद्धीवर यायचा तो आरोपी होऊन. त्यामुळे घरचे डॉक्टरांनाही ‘चुकून झालं’ म्हणून सांगायचे. आणि चुकून झालेल्याला मानसोपचाराची गरज आहे असं कुणाला वाटणार?

या कलमाला मोठा हादरा मुंबई उच्च न्यायालयानं दिला. रस्ते अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबई पोलिसांतल्या एका शिपायावर कलम ३०९ लावलं होतं. १९८६ साली न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये तसंच म्हटलं, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं कलम पुन्हा उभं केलं. खरी सुटका झाली ती २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं. हा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी, असं त्याचं कलम ११५ सांगतं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तरीही ‘केस होईल का हो?’ हा प्रश्न अजून कानावर येतो. रुग्णालयात मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची, नोंद होते. त्या भीतीनं खरं लपवू नका, वेळ वाया घालवू नका.

तिसरी अडचण आपल्या भाषेतली. ‘गरजेल तो पडेल काय’ ही म्हण एरवी खरी असेल, इथे ती घातक आहे. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येनं गेलेल्या १३४ जणांच्या माणसांशी संशोधक बोलले, तेव्हा कळलं की दोन तृतीयांशांहून अधिकांनी आपल्या मनातलं आधी कुणाला तरी सांगितलं होतं. म्हणजे बहुतेक जण गरजले होते. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढलं, आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याचं शास्त्र तिथून आकाराला आलं.

त्या खुणा मराठीत कशा ऐकू येतात, हे मात्र आपणच सांगायला हवं. ‘तुमच्या डोक्याचा ताप जाईल एकदाचा.’ ‘माझ्यावाचून कुणाचं अडलंय?’ ‘आईकडे लक्ष दे हां.’ कुणी बोलत नाही, पण विम्याचे कागद नीट लावून ठेवतं, आवडीची पेटी भाच्याला देऊन टाकतं, कधीची उसनवारी फेडून येतं. झोप उडते, दारू वाढते, रोजच्या लोकलमधला ग्रुप सुटतो. आणि फसवी खूण म्हणजे महिनोन्‌महिने खचलेला माणूस अचानक शांत, हलका दिसू लागणं. घरच्यांना वाटतं सावरला. कधी ते खरंही असतं, पण कधी त्याचा निर्णय झालेला असतो, म्हणून तेव्हाही विचारावंच.

विचारायचं म्हणजे सरळ: ‘मरावंसं वाटतंय का तुला?’ विचारल्यानं डोक्यात भरेल ही भीती २००५ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या २,३४२ शाळकरी मुलांवर तपासली गेली. ज्यांना विचारलं त्यांच्या मनात असे विचार वाढले नाहीत. ‘हो’ आलं तर लगेच उपदेश नको, मुलाबाळांची शपथ नको. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नये. एकटं सोडू नये, जिवाला धोका होईल असं काही हाताशी राहू देऊ नये, घरातल्या आणखी एकाला सामील करून डॉक्टरांकडे सोबत जावं.

ठाण्यात ही भाषा रुजवण्याचं मोठं श्रेय १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेला आहे. मनाचे प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, शाळा-सोसायट्यांत, मराठीत बोलता येतात हे या शहरानं त्या निमित्तानं पाहिलं. ज्या गावाचं नाव टिंगलीसाठी घेतलं जायचं तिथेच हे घडलं याचं मला मोल वाटतं.

प्रयत्नातून वाचलेल्याचं पुढे काय, याचं फार साधं उत्तर २००८ च्या एका अभ्यासात सापडतं. त्यात पाच देशांतली शहरं होती, आपल्याकडचं चेन्नई त्यांपैकी एक. प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर नीट बोलणं झालं आणि पुढे दीड वर्षात फोनवरून किंवा भेटून नऊ वेळा विचारपूस झाली. पहिल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेले, दुसऱ्यात ०.२ टक्के. आपल्याकडे डिस्चार्जनंतर नातेवाईक लाजेनं येणं टाळतात आणि शेजारी काय बोलावं न सुचून. काही सुचायची गरज नाही. ‘जेवलास का? चल, तलावपाळीवर चक्कर मारून येऊ’ एवढं पुरतं, पण ते पुन्हापुन्हा, महिनोन्‌महिने करावं लागतं.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. तिथे फोन करायला स्वतः संकटात असावं लागत नाही. भावाची काळजी वाटतेय आणि त्याच्याशी कसं बोलावं कळत नाहीये, असं सांगूनही फोन करता येतो.