दुखणे अंगावर काढणे

दुखणे अंगावर काढणे : आजार जाणवत असूनही दवाखान्यात न जाता, रोजची कामे चालू ठेवून तो सोसत राहणे. शब्दप्रयोग सगळ्या महाराष्ट्रात चालतो. त्यात कौतुकही असते आणि ठपकाही, आणि यांतले काय हे शेवट पाहून ठरते. आठ दिवसांची कणकण अंगावर काढून माणूस बरा झाला, तर तो काटक. छातीतली कळ अंगावर काढली आणि माणूस गेला, तर तोच हलगर्जी. वागणे दोन्हीकडे एकच असते. दवाखान्याची पायरी कोण, कधी आणि का चढतो, या मोठ्या प्रश्नाचीच ही मागची बाजू आहे. ही नोंद तो प्रश्न कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात पाहते.

या प्रश्नाच्या अभ्यासाची सुरुवात एका कोड्यातून झाली. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी फुकट क्ष-किरण गाड्या थेट वस्तीत नेल्या, तरी पुष्कळ लोक फिरकले नाहीत. त्यातून ‘आरोग्यश्रद्धा प्रारूप’ मांडले गेले : रोग आपल्याला होऊ शकतो, तो गंभीर आहे आणि उपचाराचा उपयोग त्रासापेक्षा जास्त आहे, असे वाटल्याशिवाय माणूस हलत नाही. १९६८ साली रोनाल्ड अँडरसन यांनी माणसाची मूळ घडण, हाताशी असलेली साधने आणि प्रत्यक्ष गरज अशी या निर्णयामागच्या कारणांची विभागणी केली. बोस्टनमधील रुग्णांशी बोलून अर्व्हिंग झोला यांनी १९७३ मध्ये दाखवले की लोक दुखणे टोकाला गेल्यावरच येतात असे नाही. त्या दुखण्याशी केलेली तडजोड मोडते तेव्हा येतात. प्रस्तुत विषयाला हे निरीक्षण सर्वांत जवळचे आहे. १९९४ साली थॅडियस आणि मेन यांनी मातामृत्यूंमागचे ‘तीन उशीर’ सांगितले : निर्णयाचा, पोहोचण्याचा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा.

या मांडण्यांमध्ये निर्णय घेणारा माणूस बहुधा एकटा धरलेला असतो. कोल्हापूरच्या खेड्यात तो एकटा नसतो. ‘दवाखान्याला जायचं काय?’ हा प्रश्न घरात विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरात सोबत कोण येणार, गाडी कोणाची आणि मागे काम कोण बघणार हे तिन्ही सुटावे लागते. टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये म्हटले की आजारी माणसाला समाज नेहमीच्या कर्तव्यांतून मुभा देतो. ती मुभा सुनेला कोण देतो, हे त्यांनी सांगितलेले नाही. करवीर किंवा कागल तालुक्यातील दुभत्या घरात सकाळ-संध्याकाळची धार बाईच काढते आणि म्हैस परक्या हाताला सहजी पान्हा सोडत नाही. डॉक्टरांनी ‘दोन दिवस भरती व्हा’ म्हटले की बाईच्या डोळ्यांपुढे आधी गोठा येतो. गंमत अशी, की म्हशीने वैरण सोडली तर जनावरांचा डॉक्टर त्याच दिवशी दारात येतो. दूध थांबल्याचे नुकसान संध्याकाळीच दिसते. बाईच्या पाठदुखीचे नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही.

त्यात लाज आणि संकोच मिसळतो. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, मूळव्याध, छातीतली गाठ ही दुखणी आधी जावेला, मग बहिणीला, कधी माहेरी गेल्यावर आईला सांगितली जातात आणि मग ‘बाई डॉक्टर’ शोधली जाते. हा अडसर कोल्हापूर संस्थानाने फार लवकर ओळखला होता. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झालेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर केली. क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या आणि ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात काम केले. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर. जुन्या कोल्हापूरकरांच्या तोंडी अजून ‘थोरला दवाखाना’.

पैसा हे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण. ते खरे आहे, पण नुसते ‘गरिबी’ म्हणून भागत नाही. पैसा किती यापेक्षा तो कधी हातात येतो हे पुष्कळदा निर्णय फिरवते. दुधाचे बिल ठरावीक दिवसांनी येते, उसाचे कारखाना देईल तेव्हा. ऊस कारखान्याला दिल्यावर १४ दिवसांत दर द्यावा असा १९६६चा नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात ते किती पाळले जाते, हे शिरोळ-हातकणंगल्यातील शेतकरी आंदोलनांवरून कळते. ‘बिल आलं की दाखवूया’ हे वाक्य त्यामुळे टाळाटाळ नसते, तो एक हिशेब असतो. भाताची लावण, ऊसतोड, गावची जत्रा ही आणखी कारणे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. राज्यात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिने हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांचे उपचार सामान्य घराच्या आवाक्यात आणले. मात्र ती मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी, रक्ताच्या चाचण्या, महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात सहसा येत नाहीत. त्यामुळे ‘योजनेत बसतंय का?’ हा नवा प्रश्न आला, आणि दुखणे योजनेत बसण्याइतके वाढेपर्यंत अंगावर काढायला एक प्रकारे सवलतच मिळाली.

अंतर नकाशावरचे आणि अंतर एसटीचे वेगळे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या डोंगरी तालुक्यांतील धनगरवाड्यांना पावसाळ्यात रस्ता गाठेपर्यंतच दिवस लागतो. तेथे आजारी माणसाला घोंगड्याच्या डोलीतून खाली आणण्याची वेळ येते. डोंगराळ भागात २०,००० आणि सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारी निकष; पण केंद्र जवळ असणे आणि तेथे डॉक्टर भेटेल याची खात्री असणे यांत फरक आहे, आणि लोक खात्री बघतात. चंदगडकर मोठ्या दुखण्याला जिल्ह्याच्या गावी येण्याऐवजी जवळच्या बेळगावला जातो, शिरोळकर मिरजेला. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले. कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ पासूनच धावत होती. ‘मिरजेला न्या’ याचा अर्थ या भागात अनेक वर्षे ‘दुखणे हाताबाहेर गेले’ असाच होता.

दवाखान्याच्या आधी बरीच ठाणी लागतात : घरचा काढा, मेडिकलमधून मागितलेली गोळी, गावातला ‘सुई मारणारा’ डॉक्टर. सुई नाही तर औषध नाही, ही समजूत घट्ट आहे. गोळ्यांवर भागवणारा डॉक्टर पुष्कळांना कंजूष वाटतो. उलट एखाद्याच्या हाताला गुण आहे असे एकदा ठरले की चार गावे ओलांडून लोक त्याच्याकडे जातात. लचक, उसण, निखळलेला खांदा यांसाठी तालमीतला वस्ताद हा कोल्हापूरचा खास पर्याय. कावीळ, नागीण यांची औषधे देणारी घराणी आहेत, आणि न कळणाऱ्या दुखण्याला, विशेषतः मानसिक आजाराला, ‘बाहेरचं’ ठरवून देवऋषी, अंगारा किंवा दत्तस्थानाची सेवा सुचवली जाते. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरीही या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पुरेसे नाही. देवऋषी रात्रीही भेटतो, ऐकून घेतो आणि केसपेपरच्या रांगेत उभे करत नाही. बहुतेक घरे दोन्हीकडे जातात आणि गुण आल्याचे श्रेय शेवटच्या ठिकाणाला देतात.

हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची गोष्ट निराळी. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, अंगावर आगाऊ घेतलेली उचल, आणि कामावर न गेल्यास ‘खाडा’ म्हणजे दंड. येथे आजारी पडण्याची किंमत आधीच ठरलेली असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. पाळीमुळे पडणारा खाडा टळावा हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. ज्यांना तापाला दवाखाना परवडत नाही त्यांनी एवढी मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी, याचा उलगडा वर दिलेल्या कुठल्याही प्रारूपापेक्षा मुकादमाच्या वहीत लवकर होतो.

आशा कार्यकर्तीने ही साखळी काही ठिकाणी तोडली आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हे ती दारात येऊन सांगते, आणि अनेकदा स्वतः सोबत जाते. सोबतीचा प्रश्न त्यामुळे सुटतो. वेळेचा सुटत नाही : तालुक्याच्या गावच्या दवाखान्यांत गर्दी अजून बाजारच्या दिवशीच होते, आणि मोतीबिंदू किंवा हर्नियाची तारीख सुगी झाल्यावरची, अमावास्या सोडून मागितली जाते.